म्हाताऱ्या मांजरीची नखे

मांजर चालताना आवाज होत नाही. कोकणातल्या सारवलेल्या पडवीत होत नव्हता आणि इथल्या घरातल्या लाद्यांवर, ज्यांना आता आपणही बालातोतच म्हणतो, तिथेही होत नाही. कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते आणि पायाच्या मऊ गाद्यांवर चालते. म्हणून आमच्या मनीच्या पावलांचा टक टक आवाज स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागला तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. आम्ही झालो नाही. आम्हाला वाटले, म्हातारी झाली, पाय ओढत चालते. आमच्याही चपला आता वाजतातच की.

मनी पंधरा वर्षांची आहे. माणसाच्या हिशेबाने साधारण ७५ वर्षांची, म्हणजे घरात आम्ही तिघे जवळपास एकाच वयाचे. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी मनी असेल. मुले लग्न होऊन मरकाझला गेली, मांजर मात्र आपल्यापाशी राहिले. किंवा जिन्याखाली रोज खायला घालता घालता कधी घरातच आले ते कळलेही नाही. तेव्हा आम्ही काय चुकलो आणि आता काय करतो, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी मांजरीचे नख समजून घेतले पाहिजे. आपले नख चपटे असते, मांजरीचे गोलाकार आणि आकड्यासारखे वाकडे. ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांचे बनलेले असते. आत नवा, टोकदार थर तयार होतो आणि बाहेरचे जुने कवच दोन-तीन महिन्यांनी सुटून पडते. सोफ्याजवळ झाडताना चंद्रकोरीसारखे पातळ तुकडे सापडतात ते हेच. नख तुटले असे समजून घाबरायचे कारण नाही. हे कवच सुटावे म्हणूनही मांजर ओरबाडते. आपण ओरडतो की सोफ्याचे वाटोळे केले, पण ती तिची नखांची निगा असते.

म्हाताऱ्या मांजरीचे सांधे दुखू लागले की हे ओरबाडणे कमी होते. उभ्या खांबाला धरून अंग ताणायचे म्हणजे खांदे, कोपरे, पाठ, कंबर सगळ्यांवर ताण येतो. दुखते म्हणून ती करत नाही. मग कवच सुटत नाही, थरावर थर चढतात, नख जाड, पिवळसर आणि ठिसूळ होते. ते पूर्ण आत जात नाही, बाहेरच राहते, लादीवर वाजते, सतरंजीत अडकते. आणि शेवटी, आकडाच तो, वळत वळत खाली येतो आणि पायाच्या गादीत घुसतो.

सांधेदुखी मांजरांत किती असते याची आम्हाला कल्पनाच नव्हती. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यांतल्या ९० जणींच्या सांध्यांत झीज दिसली. म्हणजे दहांतल्या नऊ. तरी आपल्याला ते कळत नाही, कारण मांजर कुत्र्यासारखे कुंईकुंई करत नाही. ते फक्त एकेक गोष्ट सोडून देते. आधी ओट्यावर उडी मारणे सोडते, मग खिडकीत बसणे सोडते. आधी खुर्चीवर आणि तिथून टेबलावर अशी दोन टप्प्यांत चढते. पाठीच्या मागच्या भागावरचे केस विस्कटलेले राहतात, कारण तिथवर मान वळत नाही. वाळूच्या टबची कड उंच असेल तर टबाशेजारीच करून मोकळी होते आणि आपण रागावतो. ज्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात त्यांनी तरी रागावू नये.

आता आमची चूक सांगतो. ती एका शुक्रवारी झाली.

आमच्या घरी नखे कापायची ती शुक्रवारी, शाबाथच्या सन्मानार्थ. वडिलांच्या वेळेपासून तसेच चालत आले आहे. संध्याकाळी किंवा रात्री नखे कापू नयेत असे आजी सांगायची, ते तर पूर्ण कोकणच सांगत असे. मनीची नखेही आम्ही त्याच दिवशी, त्याच घाईत उरकायचो. त्या दिवशी एका शेगडीवर नारळाच्या रसातले माशांचे कालवण होते, दुसरीकडे भात, दिवे लावायला तासभर उरलेला आणि मुलगा रस्त्यात. आमच्या घरी धरण्याचे काम यजमानांचे आणि कापण्याचे घरधनिणीचे. मनीला पाठीवर उताणे केले, पुढचा पाय बाजूला ओढला आणि एका दमात चार नखे कापली. पाचवे कापताना कातर आत गेली. मनी किंचाळली, रक्त आले, यजमानांच्या मनगटावर तीन ओरखडे उठले, आणि कालवण तळाला लागले.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते, तिला आपण जिव्हाळी म्हणतो. तिथे कातर लागली की माणसाचे नख मुळातून उचकटल्यासारखे दुखते. पण आमची खरी चूक तेवढीच नव्हती. पाय बाजूला ओढणे हीच मुळात चूक होती. ज्या खांद्यात आणि कोपरात झीज आहे तो पाय बाजूला ताणला की कातर लावण्याआधीच वेदना सुरू होते. तिला वाटले असेल, नखे कापणे म्हणजे हात पिरगाळणे. त्यानंतर कातरीचा खण उघडल्याचा नुसता आवाज आला तरी ती पलंगाखाली जाऊ लागली. आम्हीही जाऊ दिले. तिला नको, आम्हालाही नको. असे करता करता सगळा हिवाळा गेला.

पेसाहची साफसफाई चालू असताना ती पुढचा डावा पाय टेकत नाही असे दिसले. आधी ज्या दवाखान्यात दाखवले तिथे पायाला हात न लावताच वयामुळे असे होते म्हणून सांगितले. आम्हीही ते मान्य केले, कारण आम्हालाही कुपात होलीममध्ये तेच ऐकायची सवय आहे. आठ दिवसांनी पायाला वास येऊ लागला. दुसऱ्या वेटरिनारने पाय हातात घेतला, केस बाजूला केले आणि आम्हाला बोलावून दाखवले. अंगठ्याचे नख पूर्ण गोल वळून गादीत शिरले होते. आत पू झाला होता. नख कापून बाहेर काढले, जखम धुतली, औषध दिले. दहा-बारा दिवसांत जखम भरली. घरी परतताना आम्ही दोघे गाडीत एकमेकांशी बोललो नाही.

अंगठ्याच्या नखाबद्दल म्हणूनच वेगळे सांगायला हवे. मांजरीच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच नखे असतात आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, एकूण अठरा. पुढचे पाचवे नख आतल्या बाजूला, थोडे वर, आपल्या अंगठ्याच्या जागी असते. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजतही नाही. केसांत लपते. गादीत घुसणाऱ्या नखांत बहुतेक वेळा पहिला नंबर याचाच. एखाद्या मांजरीला जन्मतःच जास्त बोटे असतात, तिथे नखे मोजून घ्यावीत. तुम्ही स्वतः कापत नसलात, कापणार नसलात, तरी आठवड्यातून एकदा चष्मा लावून ही दोन अंगठ्यांची नखे तेवढी पाहाच. नख गादीला टेकलेले दिसले तर लगेच टोक कापता येईल. आत शिरलेले दिसले तर घरी ओढू नका, दवाखान्यात न्या.

आता आम्ही कसे करतो ते.

पहिली गोष्ट म्हणजे एका दिवशी एकच पाय. कधी दोनच नखे. अठरा नखे एका बैठकीत झालीच पाहिजेत असा नियम कुठेही नाही. दुसरी गोष्ट, वेळ. जेवून, अंग चाटून ती पेंगत असते तेव्हाची. सकाळी लवकर नाही, कारण रात्रभर एका जागी पडून सांधे आखडलेले असतात, हिवाळ्यात तर जास्तच. हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही, स्वतःवरूनच कळते. थंडीच्या दिवसांत आम्ही टॉवेल हीटरजवळ धरून कोमट करतो आणि तो मांडीवर पसरतो. गरम नाही, कोमट. पाच-दहा मिनिटे ती त्यावर नुसती पडून राहते. वेटरिनारने सांधेदुखीचे औषध दिले असेल तर त्याचा परिणाम कोणत्या वेळी सर्वांत चांगला असतो ते विचारून घ्या आणि त्या वेळी नखे कापा.

बसण्याची पद्धत बदलली, हे सर्वांत महत्त्वाचे. आता उताणे करणे नाही, मानेचे कातडे धरून उचलणे नाही. ती पोटावर किंवा कुशीवर, जशी स्वतः बसली असेल तशीच राहते, तोंड आमच्यापासून पलीकडे. टेबलावर घ्यायचे तर खाली रबरी चटई किंवा जाड टॉवेल हवा. पाय घसरले की ती सांधे आवळते. पाय उचलायचा तो जेमतेम, एक-दोन बोटे उंच, अंगाच्या खालीच, ती ज्या दिशेने चालते त्याच दिशेने. बाजूला नाही, मागे ताणून नाही. पुढचा पाय कोपराखाली आपल्या हाताचा आधार देऊन धरावा, मागचा गुडघ्याखाली. कित्येकदा आम्ही पाय उचलतच नाही. ती निजलेली असते, पंजा टॉवेलवर टेकलेला असतो, आणि नख तिथेच कापले जाते.

तरुण मांजरीचे नख बाहेर काढण्यासाठी बोट वरून आणि खालून हलकेच दाबावे लागते. म्हातारीचे ते आधीच बाहेर आलेले असते. तेव्हा दाबू नका, बोटाचेही सांधे दुखतात. आमच्यापैकी ज्यांच्या स्वतःच्या अंगठ्याला जोर उरलेला नाही त्यांची एक मेहनत त्यामुळे आपोआप वाचते.

कातर कोणती, हा प्रश्न आम्हाला शेजाऱ्यांनी विचारला म्हणून लिहितो. माणसाचा नेलकटर नको, तो जाड नख चेपतो आणि नख उभे चिरते. भोकात नख घालून दांडा दाबायचा प्रकार मिळतो, तोही वळलेल्या नखाला बसत नाही. लहान कातरीसारखी, पात्याला खाच असलेली मांजरीची कातर बरी. कुत्र्याची मोठी घेऊ नका, टोक दिसत नाही. पाती धारदार असली पाहिजेत, बोथट कातर नख कापण्याऐवजी पिळते. आपल्या बोटांना त्रास असेल तर स्प्रिंगची, आपोआप उघडणारी घ्या. पाती नखाच्या वरून आणि खालून यावीत, दोन्ही बाजूंनी नव्हे, म्हणजे नख चिरत नाही.

किती कापायचे? फक्त आकड्याचे टोक. एक-दोन मिलिमीटर. पांढऱ्या, पातळ नखात गुलाबी जिव्हाळी प्रकाशात दिसते, तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर दूर थांबावे. पण म्हाताऱ्या मांजरीचे जाड नख पारदर्शक राहत नाही, आत काही दिसत नाही, आणि बरेच दिवस न कापलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. म्हणून एकदम नीटनेटके करायचा मोह टाळावा. आज टोक, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोक. कधी कातर लावताच जुने कवच टचकन उडते आणि आतून स्वच्छ, पातळ नख निघते. तेव्हा मात्र बरे वाटते.

उजेड भरपूर हवा. आम्ही भरतकामाचा, भिंग लावलेला दिवा वापरतो. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, हात थरथरत असेल, तर कापण्याचा आग्रह धरू नका. नातवाला बोलवा किंवा दवाखान्यात न्या. पुष्कळ ठिकाणी नर्सही ते काम करते. मांजर दवाखान्यात घाबरत असेल तर वेटरिनार घरून निघण्याआधी देण्यासाठी गुंगीचे सौम्य औषध देऊ शकतो. असे एक औषध आपल्यापैकी काहींना नसांच्या दुखण्यासाठीही मिळते. पण म्हणून आपल्या डब्यातली गोळी मोडून देऊ नका.

रक्त आलेच तर? नखावर कॉर्नफ्लोर दाबून धरा. केकच्या सामानाच्या फळीवर मिळते, हिब्रूतही तेच नाव. थोडे बशीत काढून आधीच जवळ ठेवावे, रक्त आल्यावर डबा शोधत फिरू नये. दोन-तीन मिनिटे न उचलता दाबून धरले की बहुतेक वेळा थांबते. त्या दिवशी पुढचे नख नाही. थांबले नाही तर दवाखाना.

आणि झाल्यावर खाऊ. उकडलेल्या कोंबडीचा बोटभर तुकडा, मिठाशिवाय, मसाल्याशिवाय. कालवणातला तुकडा धुऊन देणारेही आहेत. तसे करू नका, कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्ताला घातक आहेत आणि धुतल्याने त्यांचा रस जात नाही.

आता जे सांगायचे आहे ते या लेखातले सर्वांत गंभीर आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात अकामोल असते. मांजरीला वेदना होताना पाहून कोणालाही वाटेल, पाव गोळी द्यावी, लहान मुलालाही देतात. देऊ नका. पाव नाही, चिमूटभरही नाही. अकामोलमधले पॅरासिटामॉल मांजरीचे शरीर पचवूच शकत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेणे थांबवते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि एका गोळीनेही मांजर मरू शकते. चुकून पोटात गेली तर सकाळची वाट पाहू नये, त्याच क्षणी निघावे. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांचेही तेच. दुखऱ्या गुडघ्यांना आपण जी मलमे चोळतो ती मांजर आपल्या हातावरून चाटते. मलम लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तिला कुरवाळू नये, आणि मलम लावलेल्या गुडघ्यावर तिला बसू देऊ नये.

मांजरीसाठी वेगळी औषधे आहेत. मेलॉक्सिकॅमचे थेंब अनेक वेटरिनार देतात. त्याआधी रक्त तपासून मूत्रपिंडे कशी आहेत ते पाहावे लागते, कारण म्हाताऱ्या मांजरांत तीच आधी थकतात. महिन्यातून एकदा द्यायचे एक इंजेक्शनही अलीकडच्या वर्षांत निघाले आहे, अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. तुमच्या मांजरीला काय योग्य ते वेटरिनारच ठरवील. नखे जाड होण्याबरोबर ती खूप खात असूनही वाळत असेल तर तेही सांगा, थायरॉइड वाढलेले असू शकते.

दवाखान्यात आपली हिब्रू अडखळते, विशेषतः घाबरलेले असताना. म्हणून चार शब्द इथे देतो. नखे म्हणजे त्सिपोर्नायिम. सांध्यांची सूज म्हणजे दलेकेत प्राकीम. तिला दुखते म्हणायचे तर 'कोएव ला', लंगडते म्हणायचे तर 'ही त्सोलाअत'. मूत्रपिंडे म्हणजे क्लायोत. आणि नखे कापणे म्हणजे ग्झिझात त्सिपोर्नायिम. हा शेवटचा शब्द ऐकून आम्ही थबकलो होतो. शाबाथला मना असलेल्या ३९ कामांत मेंढीची लोकर कातरणे आहे, त्याला गोझेझ म्हणतात. शब्द एकाच धातूचा. नखे कापणेही त्याच कामाखाली मोडते, माणसाची असोत वा जनावराची. तेव्हा शाबाथला नखे कापायची नाहीत हे सर्वांना माहीत आहेच. आमचे म्हणणे एवढेच की शुक्रवारी दुपारीही कापू नयेत. जनावराला विनाकारण वेदना देऊ नये, त्सार बाले हायीम, हाही धर्माचाच नियम आहे, आणि कालवण शेगडीवर ठेवून तो पाळता येत नाही.

शेजारच्या एका बाईंनी आम्हाला सुचवले होते की नखे कायमची काढून टाकता येतात, कटकट मिटते. तसे काही करता येत नाही. मांजरीचे नख हाडातून उगवते, ते काढायचे म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड तोडायचे. २०११ साली क्नेसेतने कायदा करून, वैद्यकीय कारण नसेल तर, ही शस्त्रक्रिया इथे बंद केली आहे. शिक्षा एक वर्ष कैद किंवा ७५,००० शेकेल दंड.

आपल्या स्वतःच्या अंगाचीही काळजी घ्यायला हवी. या वयात कातडी पातळ होते, आणि अनेकांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतात. लांब बाह्यांचा जाड सदरा घालून बसावे. ओरखडा उठला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावा. चावली, आणि तेही हातावर, तर मात्र थांबून पाहू नये. मांजरीचा दात सुईसारखा खोल जातो, वर भोक लहान दिसते आणि आत जंतू राहतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. रस्त्यावरच्या मांजरीने चावले असेल तर लिश्कात हाब्रिऊतला कळवणेही आवश्यक आहे, कारण या देशात कालेवेत, म्हणजे पिसाळण्याचा रोग, अजून आहे. जिन्याखालच्या मांजरीची नखे कापायला मात्र कोणी जाऊ नये, कितीही जीव असला तरी. तिला कुंपणावर चढायला ती लागतात.

घरात आम्ही आणखी थोडे बदल केले. ओरबाडायचा उभा खांब कोणाला तरी देऊन टाकला आणि जाड पुठ्ठ्याचा आडवा पाट जमिनीवर ठेवला. त्यावर ती अंग न ताणता नखे घासते. सोफ्याला उशांची पायरी केली. वाळूच्या टबची एक बाजू कापून चार बोटे उंच ठेवली. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्यांच्या पट्ट्या टाकल्या, पण त्या धागे न सुटणाऱ्या पाहून, नाहीतर नख अडकते आणि ती घाबरून पाय ओढते. मागे अझाका वाजली की तिला उचलून मिक्लातमध्ये उतरताना तिची नखे स्वेटरमध्ये अडकायची आणि तिथे पोहोचल्यावर एकेक सोडवत बसावे लागायचे. आता ती तशी अडकत नाहीत.

सध्या आमचा क्रम असा आहे. योम रिशोनला पुढचा उजवा पाय, योम शेनीला पुढचा डावा, योम श्लिशीला मागचा उजवा, योम रेविईला मागचा डावा. मग दोन आठवडे सुट्टी. सुट्टीत अंगठ्यांची दोन नखे तेवढी योम हामिशीला पाहतो. यजमान आता धरत नाहीत, नुसता हात पाठीवर ठेवतात. घरधनीण कापते. कधी मनी मध्येच उठून जाते, तेव्हा आम्ही जाऊ देतो आणि उरलेले नख दुसऱ्या दिवशी कापतो. कोंबडीचा तुकडा आमच्या जेवणाआधी तिला मिळतो, कारण घरच्या जनावराला आधी घालून मग आपण जेवावे असे आपल्याकडे सांगितलेलेच आहे. शाबाथला दुपारीही ती त्याच वेळी येऊन टॉवेलवर बसते आणि वाट पाहते. त्या दिवशी नख नाही हे तिला कळत नाही. तुकडा आम्ही देतो.